वडाखालची छत्री

निजामाच्या अमलात शहागंजच्या एका वडाखाली म्हातारे न्हावी बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे चाचाच म्हणायचे. वडाला फळं पिकली की कुठूनशी वाघळं यायची, दिवसभर उलटी लोंबकळायची आणि फळं संपली की निघून जायची. तेवढे दिवस चाचा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर जुनी छत्री बांधायचे.

"चाचा, जागाच बदला की," मी एकदा म्हणालो.

"झाड त्यांचं हाय, बेटा. आपन मधल्या दिवसांचे किरायदार."

एका साली वाघळांना लई उशीर झाला. चाचांची नजर सारखी वर. वस्तरा दोनदा माझ्या कानाला लागला. एवढ्यात माझ्या नुकत्याच गोटा केलेल्या डोक्यावर काहीतरी पचकन पडलं. मी चिडून उठलो, तर चाचा टाळ्या पिटत होते.

"मुबारक हो! आले!"

आणि माझं डोकं पुसायचं सोडून ते छत्री आणायला धावले.