बाबांचा घास

बाबांना लकवा मारला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. तेलंगणातल्या मंचेरियलला सुया टोचून इलाज करणारे एक डॉक्टर होते. मी बाबांना रेल्वेने तिथे नेत असे. डॉक्टर दंडापासून बोटांपर्यंत सुया टोचून त्यांना बारीक करंट देत आणि दर वेळी बजावत, "सुई आधा काम करेगी. खाना इनको इनके हाथ से खाने दो."

घरी हे कोण ऐकणार? डाव्या हाताने बाबा जेवेनात, उजव्याने सारं अंगावर सांडायचं. भेटायला आली की आत्या माझ्यावरच उखडायची, "काऊन रे, घरात येवढे हात असून माह्या भावाले असं सांडत बसवता? लाज हाये का नाई?" जो येई तो एक घास भरवून पुण्य गाठीशी बांधून जाई. मला नुसती चीड येई.

पण खरं सांगतो, सगळ्यात जास्त घास मीच भरवले. ती सेवा नव्हती. ते सांडणं, ते पुसणं, शाळेवर शिकवायला जायला होणारा उशीर मला सहन होत नव्हता.

एका सकाळी बाबांच्या बोटांनी भाकरीचा तुकडा धरला. हात हळूहळू वर येऊ लागला आणि वाटेत थरथरत थांबला.

"थांब, येऊन राह्यला," बाबा म्हणाले. बोलायला त्यांचं तोंड उघडलं, तेवढ्यात मी घास कोंबला.

हात तिथूनच मांडीवर उतरला. घास गिळून ते म्हणाले, "दे मंग तूच." त्यानंतर त्यांनी ताटाकडे हात नेला नाही.