ताईची काचपट्टी

माझ्या ताईला वास येत नाही. लहानपणी तापाने फणफणली. ताप गेला आणि जाताना वासही घेऊन गेला. दूध करपलं तरी ही शेजारी निवांत वाचत बसलेली. आई म्हणायची, "हिच्या भरवशावर घर टाकलं की झालंच कल्याण."

बाबांचं नाक मात्र नको तितकं तिखट. शेजारी काय शिजतंय ते दारातूनच सांगतात, वर तोराही मिरवतात.

ताई गॅसचे अलार्म बनवणाऱ्या कारखान्यात लागली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. तिचं काम असं: तापलेल्या काचपट्टीवर कथलाच्या द्रावणाचा बारीक फवारा मारायचा. त्याचा ऑक्साइड होऊन थर बसतो, केसाहून कितीतरी पातळ. त्याला गॅस लागला की त्यातून वीज जास्त वाहते आणि अलार्म वाजतो. सुरुवातीला तिचे थर पोपडे धरून निघायचे. आता नुसता जांभळट रंग बघून ती सांगते, जमला की नाही.

पुढे तिला कारखान्याजवळ खोली घेऊन एकटीने राहायचं होतं. बाबा अडून बसले. "गॅस गळला तर तुला कळणार कसं?"

ताई वाद घालत बसली नाही. स्वतःच्या हातची पट्टी घातलेला अलार्म घेऊन आली आणि स्वयंपाकघरात घोट्याच्या उंचीवर लावला.

"हा अलार्म आहे की उंदराचा सापळा? वर लाव की जरा."

"सिलिंडरचा गॅस जड असतो, बाबा. खाली बसतो."

ताई टेबलाशी पाठमोरी बसली असताना बाबांनी गुपचूप शेगडीचं बटण किंचित फिरवलं, न पेटवता. मग नाक वर करून उभे राहिले. त्यांना काही कळायच्या आतच अलार्म किंचाळला. ताईने बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या. "दिव्यांना कोणी हात लावू नका," एवढंच म्हणाली.

बाबा गुडघे धरत खाली बसले. फरशीजवळ नाक नेऊन हुंगलं. वास होता. माझी छाती अभिमानाने अशी फुगली, जणू पट्टी मीच केली होती.

मग बाबा ओट्याला धरून उठले.

"खोली बघून ये," म्हणाले. "हा अलार्म तू घेऊन जा. पण जायच्या आधी असाच एक इथे लाव. तू गेल्यावर आमच्याकडे कोण बघणार?"