चाचीच्या दुकानाची पायरी

नातीचं लग्न ठरलं आणि माझे पाय जमिनीवर ठरेनात. विहीणबाई सोलापूरच्या, तवा बस्ता तिथंच बांधायचा ठरला. मी म्हटलं, सोलापूर करायचं, तिथनं अक्कलकोट करायचं, दोन दिवस मजा करायची. आमचा म्हातारा म्हणाला, "बस्त्याला चाललीस का जत्रंला?" म्हटलं, "दोन्हीला!" मी चौथी शिकलेली. मोबाइलमधे बोलते, तो लिहून घेतो, आणि पल्लवी, म्हणजे हीच लग्नाची नात, चुका काढते.

तर आमच्या मंगळवेढ्याहून सकाळची एस्टी धरा. बायकांना अर्धं तिकीट. दीड-दोन तासांत सोलापूर. भाकरी न् शेंगाची चटणी बरोबर घ्या, पण पिशवी दुहेरी घ्या. माझ्या नव्या पातळाला अजून लसणाचा वास येतोय.

नवी पेठेत रिक्षा आत न्यायचा हट्ट करू नका, तोंडाशी उतरून चाला. विहीणबाईंनी माझ्या हाताला धरून रस्ता ओलांडून दिला, दुकानात मला आधी खुर्ची मागितली. गोड बाई आहे, हे आधीच सांगून ठेवते.

बस्ता झाला, मग चुडा. चुडा म्हणजे चाची, त्यात मला इचारायचं काही नव्हतंच. गल्लीच्या कोपऱ्यावर तिचं बांगड्यांचं दुकान. माझ्या लग्नातल्या बांगड्या तिच्या सासूनं भरल्या, माझ्या सुनेच्या हिनं. पल्लवी तान्ही असताना तिची मूठ उघडून चाची म्हणाली होती, "इसका चुडा मेरे हाथ का." मी चार दिवस आधी फोन करून ठेवला होता.

विहीणबाई पायरीशी थांबल्या. वर पाटीवरचं नाव वाचलं.

"आजी, हितं नको. आपल्या माणसांचं दुकान हाय की पुढं. लग्नाचा चुडा, त्यांच्या हातनं कशाला?"

आवाज काही बारीक नव्हता. आत चाची हिरव्या बांगड्यांचा डबा उघडून एकेक पुसत बसलेली. तिचा हात थांबला. पल्लवीनं माझ्याकडं बघितलं.

आता मी म्हणजे तोंडाची फटकळ. सकाळीच कंडक्टरला गप केलेलं. आणि त्या पायरीवर माझ्या तोंडातनं निघालं, "बरं, बघू मागनं." लग्न मोडलं तर? पोरीला सासरी टोमणे बसले तर? एवढंच डोक्यात. पुढच्या दुकानात चुडा भरला. चांगला भरला, खोटं कशाला बोलू. पल्लवीचे डोळे भरले, तर विहीणबाई म्हणाल्या, "लागली वाटतं बांगडी."

तिथनं तिघी अक्कलकोटला. एस्टीनं तासाभराची वाट. भक्तनिवासात खोली मिळते, फक्त गुरुवार टाळा. दुसऱ्या दिवशी दुपारी महाप्रसादाच्या पंगतीत बसलो. शेजारी कर्नाटकातली एक बाई. माझा हात चालत नाही बघून "ऊटा माड्री, ऊटा माड्री," जेवा हो जेवा, म्हणत माझा भात कालवायलाच निघाली.

विहीणबाईंना लई भरून आलं. "बघा आजी, हितं कुणी इचारत न्हाय, तुमी कोण, कुटल्या."

माझ्या तोंडातला घास फिरला. "मग काल पायरीवर तुमी कशाला इचारलंत?"

"काय?"

"आपली माणसं, त्यांची माणसं. ह्या बाईला इचारलं का? भात वाढला त्याला इचारलं का?"

त्या ताटाकडं बघत म्हणाल्या, "मी काय जगायेगळं बोलले? सगळेच बोलत्यात आता."

"व्हय. आन् मी गप बसले, ते बी सगळ्यांसारखंच."

परतीच्या एस्टीत त्या पुढं जाऊन बसल्या. सोलापूर स्टँडवर "येते" म्हणून रिक्षात चढल्या. लग्न काही मोडलं नाही.

आम्ही दोघी नवी पेठेत गेलो. चाची म्हणाली, "आव माँ, बैठो." कालचं एक अक्षर काढलं नाही. मीच म्हटलं, "चाची, तो डबा काढ. दोन तरी चढव पोरीला." पल्लवीनं हात पुढं केला. चाचीनं तो हातात घेतला, अंगठ्याच्या बुडाशी दाबून बघितला, मऊ आहे म्हणाली, आणि परत तिच्या मांडीवर ठेवला.

"नको बेटा. तुला तितं नांदायचंय. माझ्या बांगड्यांवरनं बोलणी कैकू खाती?"

डबा झाकून फळीवर ठेवला. मला दुसऱ्या भरल्या, माझं माप मोठं. बांगड्या भरून झाल्या की भरणाऱ्याच्या पाया पडायचं, ही आमची रीत. मी वाकले. चाचीनं पाय झटकन साडीखाली ओढले.

"नको माँ. रस्त्यावरनं दिसतंय."

एवढ्या वर्षांत तिनं कधी पाय मागं घेतले नव्हते.

आता घरी आलेय. पल्लवी सगळ्यांना सांगत सुटलीय, आजीनं पंगतीत कसं सुनावलं. म्हातारा बी खूश. मी भाकरी थापते, बांगड्या वाजतात, आणि मला राग येतो, माझाच. पंगतीत बोलायला काय लागतंय? तितं ऐकायला चाची नव्हती.

तुम्ही सोलापूरला जाल तर तिच्याकडं जरूर जा. एक डबा फळीवर तसाच असेल, बारीक मापाचा. आणि कुणी पायरीवर अडवलं, तर जे बोलायचं ते पायरीवरच बोला.