दाजींच्या डोक्यामागची खूण

आमचे दाजी फौजेत गाडी चालवायचे. हे ते स्वतःच सांगायचे, आणि समोरच्याने विचारायच्या आत. वडूजच्या बाजूला त्यांचं गाव. तिथं घरटी एखादा माणूस फौजेत गेलेला, आणि परत आलेल्याला चहाच्या गाड्यावर गाठून लोक हमखास लढाईचं विचारतात. दाजी हातातला कप खाली ठेवायचे. "गोळी मी झाडली ती चांदमारीत, सरावाला. बाकी गाडी चालवली. वर रेशन न्यायचं, खाली रिकामं यायचं." ऐकणाऱ्याचा चेहरा उतरायचा, दाजी पुन्हा कप उचलायचे. गावातल्या काही जणांच्या हकिकती दर दिवाळीला थोड्या वाढत. दाजींची कधी वाढली नाही. मला तेव्हा त्यांचं हे बोलणं जरा रुक्ष वाटायचं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मला ते "मेव्हणं" म्हणत आणि माझ्याहून बरेच मोठे असून "तुमी" म्हणत. त्यांची एक खोड होती. कुठल्याही गाडीत बसण्याआधी ते तिला एक फेरी मारत. टायर बघत, वाकून खाली तेल गळतंय का बघत, मगच दार उघडत. स्वतःची गाडी असो, भाड्याची असो, लग्नाच्या वऱ्हाडाची असो. एकदा सातारा स्टँडवर त्यांनी एसटीलाही फेरी मारली. कंडक्टर म्हणाला, "काका, इकत घ्यायची हाय काय?" दाजी म्हणाले, "बसायचं हाय. म्हणून बघतोय." आणि तो हसत असताना शांतपणे खिडकीची जागा धरून बसले.

त्यांचे केस लवकर गेले. एका अधिक महिन्यात आम्ही त्यांना धोंडे जेवायला सांगलीला बोलावलं होतं. ताटावर बसलेले असताना मी मागून, वरून, त्यांच्या टकलाचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली काय लिहिलं ते आता लिहवत नाही. सगळे हसले. दाजी सगळ्यात जास्त हसले, आणि दुसरा धोंडा मागून घेतला. जावयाची थट्टा करायचा मेव्हण्याला हक्कच असतो, असं मी समजत होतो. पुढं ते निवृत्त व्हायला आले तेव्हा फौजेतून निघण्याआधीच त्यांचा फोन आला. जरा इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "मेव्हणं, तुमच्या सांगलीत, विश्रामबागेत केसं लावणारा डॉक्टर हाय म्हणं. गावात जायचं ते डोकं झाकूनच जावं म्हणतो."

डॉक्टर होता. माझ्या बायकोच्या मावसबहिणीचा नवरा, म्हणजे माझा लांबचा साडू. त्याने नुकताच दवाखाना थाटला होता. मी दाजींना सांगितलं, आपला माणूस आहे, डोळे झाकून जा. आमच्याकडं डॉक्टर निवडताना एवढं पुरतं. आपला म्हटलं की त्याने किती डोकी केली, कशी झाली, हे विचारणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची गरजच नव्हती. दाजी त्याच्या पहिल्या काही जणांतले आहेत हे मला ठाऊक होतं. ते मी दाजींना सांगितलं नाही. पाहुण्यांत माझी किंमत वाढेल, एवढाच माझा हिशेब. आणि ज्या माणसाने एसटीला फेरी मारली, त्याने त्या दवाखान्यात माझ्या एका शब्दावर मान खाली घातली.

डोक्यामागच्या कातडीची पट्टी काढून त्यातली मुळं पुढं लावायची, असं ते काम होतं. बरे होईपर्यंत दाजी आमच्याच घरी राहिले. आक्का मागच्या टाक्यांना मलम लावायची. केस उगवले, पण झुबक्याझुबक्याने, कपाळावर एका सरळ रेघेत, ब्रशाचे उगवावेत तसे. मधे कातडी दिसायची. मागं या कानापासून त्या कानापर्यंत रुंद, पांढरा, चकचकीत व्रण राहिला. साडू म्हणाला, वेळ द्या. दाजींनी वर्षभर वेळ दिला. मग एक दिवस आरशासमोर उभं राहून म्हणाले, "रोपं जगली मेव्हणं, लावण चुकली." त्यानंतर बरीच वर्षं या विषयावर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मीही बोललो नाही.

त्यानंतर दाजींची टोपी आली. घरात, शेतात, मांडवात टोपी. कुठंही गेले की भिंत बघून तिला पाठ लावून बसायचे. लोक म्हणत, फौजी सवय आहे. केस कापायला ते वडूजला न जाता सांगलीला माझ्याकडं येत, आणि मी त्यांना ओळखीच्या सलूनात दुपारी, गिऱ्हाईक नसताना नेत असे. गाडीत टोपी मांडीवर ठेवून ते बाहेर बघत बसायचे.

दुरुस्तीचा विषय त्यांनीच काढला, त्यांचे वडील अंथरुणाला खिळल्यावर. तात्या खूप थकले होते. दाजी थोरले. सलूनातून येताना गाडीत मला म्हणाले, "तात्या गेलं की दहाव्याला मला डोकं करावं लागणार. समदी भावकी बसलेली असणार. त्येच्या आत ह्ये मागचं झाकलं पायजे." मग म्हणाले, "बाप जिता हाय आन् मी असा इचार करतोय. पर काय करू, येतो मनात."

या खेपेला मी नावं सुचवली नाहीत. नुसती गाडी चालवली. डॉक्टर निवडायची दाजींची रीत त्यांच्या धंद्यातली होती. ते म्हणायचे, मिस्त्रीला गाडी द्यायच्या आधी दोन गोष्टी बघाव्यात. बॉनेट उघडायच्या आत बोलायला लागला तर उठायचं. आणि त्याला विचारायचं, तुझ्या हातनं बिघडलेली गाडी कुठली? न्हाई म्हणाला तरी उठायचं.

सांगलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात आम्ही गेलो. तिथल्या डॉक्टरांनी टोपी काढायच्या आधीच पडद्यावर आधीचे-नंतरचे फोटो दाखवायला सुरुवात केली. दाजींनी शांतपणे बघितले आणि विचारलं, "तुमच्या हातनं बिघडलेलं एखादं डोकं हाय का?" डॉक्टर हसले. म्हणाले, आमच्याकडं असं होत नाही. दाजींनी नमस्कार केला आणि उठले. जिन्यात मी म्हटलं, अहो, फोटो चांगले होते. ते म्हणाले, "असतील की."

साताऱ्याला एक बाई होत्या, प्लास्टिक सर्जन. त्यांनी आधी टोपी काढायला लावली, भिंग घेतलं, आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मागचे केस बोटांनी बाजूला करून बघितले, हनुवटीखालची दाढी बघितली. दाजींनी त्यांचा प्रश्न विचारला. बाईंनी भिंग खाली ठेवलं. म्हणाल्या, "आहे. ते गृहस्थ अजून येतात माझ्याकडं. त्यांच्या बाबतीत मी घाई केली होती." मग सांगितलं की पुढचे झुबके काढून, सुटे करून, एकेक केस मागेपुढे लावावा लागेल. मागच्या व्रणात दाढीचे केस लावायचे, पण आधी थोड्याच जागेत, कारण अशा कातडीत ते धरतात की नाही हे बघावं लागतं. त्यासाठी महिने जातील. "पहिल्यासारखं नाही होणार. कुणाचं लक्ष जाणार नाही, इतपत होईल. आणि मागं आता फार शिल्लक नाही, तेव्हा पुन्हा चूक परवडणार नाही."

दाजी खाली आले, आमच्या गाडीला फेरी मारली आणि दार उघडता उघडता म्हणाले, "हितं द्यायची गाडी." टोपी आल्यापासून मी त्यांना असं मोकळं हसताना बघितलं नव्हतं. परतीच्या वाटेवर त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि टोपी न घालताच तो प्याले.

बाईंनी दिलेल्या तारखेच्या आधीच तात्या गेले.

दहाव्याला येरळा नदीच्या काठी भावकी जमली होती. न्हाव्याने चादर अंथरली. दाजी आले, टोपी काढली, घडी करून माझ्या हातात दिली आणि मान खाली घालून बसले. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. पुढचे झुबके गेले, मग वस्तरा मागं वळला. हळूहळू तो व्रण या कानापासून त्या कानापर्यंत उघडा झाला. बोलणं थांबत गेलं. भावकीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "ह्ये काय रं मागं? वस्तरा लागला काय?" न्हावी घाबरून म्हणाला, "मी न्हाई केलं. जुनं हाय." सगळे दाजींकडं बघायला लागले.

दाजींनी मान वर केली. ते सांगणार होते. आज मला त्याची पुरेपूर खात्री आहे. त्यांनी श्वास घेतला होता, ओठ उघडले होते, आणि कप खाली ठेवताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसाच तो झाला होता. त्यांनी सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कुठल्या डॉक्टरने केलं, कुणी नेलं होतं. मी म्हणालो, "फौजेतलं आहे ते."

एवढंच बोललो. बाकीचं गावाने केलं. बर्फातला रस्ता, गाडीवर पडलेला गोळा, डोक्यात घुसलेला तुकडा, हे सगळं संध्याकाळपर्यंत तयार झालं होतं. दाजी माझ्याकडं एकदा बघून पुन्हा मान खाली घालून बसले. न्हाव्याने उरलेलं डोकं फार हलक्या हाताने केलं.

गावात एक सुभेदार होते. त्यांचा पाय खरोखरच लढाईत गेला होता. कुबडीवर टेकत ते दाजींच्या घरी आले आणि त्या व्रणावर हात ठेवला. दाजी म्हणाले, "न्हाई वो सुभेदार, ह्ये तसलं न्हाई." सुभेदारांनी त्यांचा खांदा दाबला. "ऱ्हाऊ दे. मलाबी बोलाय येत न्हाई." मी दारात उभा होतो.

पुढं झेंडावंदनाला दाजींना पुढं बसवायला लागले. चहाच्या गाड्यावर त्यांचे पैसे कुणी घेईना. ते जुन्या सवयीने कप खाली ठेवून म्हणायचे, मी गाडी चालवली, बाकी काही नाही. आता ऐकणाऱ्याचा चेहरा उतरत नसे. लोक एकमेकांकडं बघून मान हलवत. म्हणत, बघा, खरा माणूस असाच असतो, स्वतःच्या तोंडाने सांगत नाही. त्यांचं सगळ्यात खरं वाक्य माझ्यामुळं खोटं पडलं होतं. काही दिवसांनी त्यांनी ते म्हणायचं सोडलं, मग चहाच्या गाड्यावर जायचंही.

साताऱ्याच्या बाईंना नकार फोनवर देता आला असता. दाजी म्हणाले, नाही, तिने आपल्याला खरं सांगितलं होतं, तोंडाने सांगून येऊ. बाई म्हणाल्या, उलट आता केस नाहीत तर सगळं नीट दिसतंय, सुरुवात करायला चांगली वेळ आहे. दाजींनी हात जोडले. "तुमचं काय चुकलं न्हाई, बाई. गाडीच आता आणता यायची न्हाई." बाईंना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो.

परतताना मी गाडी कडेला घेतली आणि म्हटलं, दाजी, मी गावात येऊन सांगतो सगळ्यांना. ते म्हणाले, "व्रण बुजवला तर लोक इचारणार, जखम कुठं गेली. न्हाई बुजवला तर मी खोटा. आन् खरं सांगितलं तर तुमी खोटं, ते बी माझ्या बापाच्या दहाव्याला." मग म्हणाले, "बायकोच्या भावाला भावकीत खाली बघाय लावू व्हय? चला, उशीर होतोय." मी तेव्हा म्हणायला हवं होतं की मला खाली बघू द्या. मी गाडी सुरू केली. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं होतं. ते मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

गेल्या उन्हाळ्यात दाजी गेले. दुपारी झोपले ते उठले नाहीत. शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. फौजेतून आलेली सगळी माणसं ओळीने उभी राहिली. सुभेदारांनी कुबडी बाजूला टाकून सलाम केला आणि दोघांना त्यांना धरावं लागलं. जखम सोसून गप्प राहिलेला जवान, असं प्रत्येक जण बोलत होता. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो. दाजी फार मायाळू होते, असं म्हणालो आणि खाली बसलो.

परवा आक्काकडं गेलो होतो. ती मागच्या दारात शेंगा फोडत बसली होती. तिने त्या टाक्यांना स्वतःच्या हाताने मलम लावलेलं. तिला पहिल्यापासून सगळं ठाऊक, आणि तिने मला आजवर एका शब्दाने विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, आक्का, दाजींवर लिहावं म्हणतो. सगळं. दवाखाना, मी काय लपवलं, नदीवर मी काय बोललो. गावात लोक वाचतील. तुला चालेल का?

तिने शेंगा फोडायचं थांबवलं नाही. टरफलं एका बाजूला सारली, दाणे सुपात टाकले.

"लिही," ती म्हणाली. "पर तुझं मागनं लिही. ते गाडी चालवायचे, ह्ये पैलं लिही."