म्हाळसाला हवं होतं बारमाही घर

म्हाळसा,
तुझ्या निवृत्तीचे पेढे पोचले. छान होते, साखर जरा जास्त. आता तूही रिकामी आणि मी तर कधीचीच, म्हणून लिहिते.

बारामती एमआयडीसीतल्या आपल्या दूधपावडरीच्या कारखान्यात तू माझ्या हाताखाली आलीस, इंग्रजी पत्रव्यवहाराला. पहिल्याच पत्रात 'इयर-राउंड' जिथं तिथं आडव्या रेघेनं जोडलंस. मी पत्र परत फेकलं. 'इयर-राउंड सप्लाय' म्हणताना ते नामाच्या आधी येतं, तिथं रेघ हवी. 'वुई सप्लाय इयर राउंड' म्हणताना क्रियेच्या मागं जातं, तिथं सुटं. तू म्हणालीस, "म्हणजे करवलीसारखं, मॅडम. मांडवात नवरीला चिकटून, पंगतीत मोकळी." सगळी खोली हसली. ती चूक तू पुन्हा केली नाहीस.

मी म्हटलं, सरळ बारमाही समज, आमच्या पणदऱ्याच्या विहिरीसारखं. त्यावर तू हळूच म्हणालीस, "आमच्या घरात बारमाही कायच न्हाय." निरवांगीतलं तुमचं घर पावसाळ्याच्या चार महिन्यांचं. दिवाळी झाली की सगळे मेंढरांमागं कोकणाच्या वाटेला. तू तेवढी वसतिगृहात राहून शिकलीस. तुला एकच हवं होतं: आईनं, बनाबाईनं, तुझ्याजवळ एका छपराखाली अख्खं वर्ष काढावं.

नोकरी पक्की झाल्याबरोबर दोन खोल्या घेतल्यास. बनाबाई आली ती काखेत कोकरू घेऊन. शेजारीण कुरकुरली, तर बनाबाईनं तिलाच विचारलं, तुमचं पोरगं वरडत न्हाय व्हय. पावसाळा मजेत गेला. दिवाळी झाली आणि ती दारात बसून राहायला लागली. समजावून सांगा म्हणून तू मला बोलावलंस. मी कॉलेजात शिकलेलं सगळं बोलून घेतलं. तिनं शांतपणे ऐकलं, चहाचा कप पुढं सरकवला.

"बाई, हितं समदं हाय. पण सकाळी उठून जायाचं कुठं?"

मी चहा संपवला आणि चपला घातल्या. दुसऱ्या दिवशी तुझा भाऊ जोतीराम तिला घेऊन गेला. तू सुजल्या डोळ्यांनी ऑफिसात आलीस आणि दिवसभर मान खाली घालून पत्रं लिहीत बसलीस.

पुढं दर साली तेच. पावसाळ्यात आई तुझ्याकडं, दिवाळीनंतर वाटेवर. ते चार महिने तू जादा काम घ्यायची नाहीस. साहेबांना तोंडावर सांगायचीस, माझी आई आलीय.

मग तिचे गुडघे गेले. आपण ठरवलं, गाडी करून दोघींनी त्यांच्या मुक्कामाच्या तळावर जायचं आणि मेंढरं घाट उतरायच्या आत तिला घेऊन यायचं. तू फोन केलास की जोतीराम सांगायचा, "तळ हलला, आक्का. आय घोड्यावर बसून म्होरं गेली." पुढल्या रविवारी पुन्हा तेच. मधेच माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, मग तुमचं ऑडिट. गेल्या मार्गशीर्षात एका पहाटे ती तळावरच वारली.

त्यानंतरच्या रविवारची गाडीही मी सांगून ठेवली होती.