भर उन्हात हवा होता अंधार

पालच्या सागाच्या जंगलातल्या गाडीवाटांचे फोटो काढायला मी आणि मित्र सायकलींवर गेलो होतो. त्याची बदली झाली होती, पुन्हा येणं जमणार नव्हतं. परतताना कॅमेऱ्यातला रोल अडकला. उजेडात उघडला तर सगळे फोटो जाणार. पाणी, भाकरी, पंक्चरचं सामान मी आठवणीने घेतलं होतं. अंधार कुठून आणायचा?

शेवटी एका गुराख्याची घोंगडी मागितली. मित्र कॅमेरा घेऊन तिच्यात शिरला.

“भाऊ, याले हिव भरलं का?” गुराख्याने विचारलं.

“घाम फुटलाय! कडा दाबून धरा!” मित्र आतून ओरडला. थोड्या वेळाने रोल सरकला.

जळगावच्या स्टुडिओत सगळे फोटो स्वच्छ निघाले, तेव्हा कुठे आमच्या घशाखाली चहा उतरला.