ओदिलबाईंनी गाव तोललं

व्हाल्मोरी या फ्रेंच खेड्यात मेयरच्या कचेरीसमोर जमिनीत बसवलेला लोखंडी वजनकाटा होता. गवताच्या गाड्या, बाजाराला निघालेले बैल, सगळे त्यावरून जायचे. युद्धात पाय गमावून आलेल्या ओदिलच्या बापाला तो सांभाळायचं काम मिळालं होतं. त्याच्यामागे बाविसाव्या वर्षी ते तिच्याकडे आलं. लग्न तिनं केलं नाही. मागणी घालायला आलेल्या खाटकाला तिनं काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला आणि "माझ्या खुर्च्या जुन्या आहेत" म्हणून वाटेला लावलं.

तिचा एकच दंडक होता: वजन सांगायचं ते मालकालाच. शेजाऱ्याचं डुक्कर किती भरलं हे काढून घ्यायला लोक सॉसेज आणायचे. ती सॉसेज ठेवून घ्यायची आणि हवापाण्याच्या गप्पा मारायची.

चौऱ्याहत्तर साली मेयर गास्तों पेरिशू टोपी हातात घेऊन काट्याशेजारच्या तिच्या खोलीच्या खिडकीशी आला.

"ओदिलताई, काटा काढायचं ठरलंय. मोटारी लावायला जागा हवी."

"कधी?"

"सोमवारी."

ओदिलनं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "रविवारी सगळ्यांना घेऊन ये. दहा टन पेलतो हा. एकदा माझं गाव तोलू दे मला."

रविवारी चर्च सुटलं तशी एकशे तीन माणसं काट्यावर दाटीवाटीनं चढली. पाद्री होते, तान्हं बाळ होतं, नव्वदीची क्लोतिल्द आजी खुर्चीसकट होती.

"खुर्चीचं वजा कर गं बाई!" आजी ओरडली. लोक इतके हसले की काटा थरथरतच राहिला.

"हसू नका रे मेल्यांनो, श्वास धरा!" ओदिल गरजली. मग खिडकीतून बाहेर वाकली. "मालक तुम्हीच, म्हणून सांगते. सहा हजार चारशे बारा किलो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मेयरच्या बायकोनं नवऱ्याला एकट्यालाच परत काट्यावर ढकललं. "ताई, ह्यांचं किती?"

"मालकाला विचार."

"मालकीण मीच आहे!"

ओदिलनं तिला खिडकीशी बोलावलं. मग तिच्या कानात आकडा सांगितला. बाई पोट धरून पायरीवरच बसली.

दुपारी चौकात गावजेवण आटोपलं तेव्हा गास्तों लाल चेहऱ्यानं उभा राहिला. "पुढच्या वर्षी पुन्हा तोलायचं, तर काटा ठेवायला नको का?"

सोमवारी आलेले मजूर परत गेले. मोटारी चर्चमागच्या चिखलात उभ्या राहू लागल्या.

पुढच्या वर्षी गाव एकशे दहा किलोंनी वाढलं. त्यात हिवाळ्यात जन्मलेली जुळी होती, आणि जेवण फुकट म्हणून शेजारगावाहून आलेला पोस्टमन.